खाट अडवायची नाही: मोझांबिकच्या वैद्यकीय शिबिराला जाण्यापूर्वी

मी गोव्यातल्या डिचोलीची. नर्सिंगमध्ये अठरा वर्षं झाली. २०२३च्या जुलैत तीन आठवडे मोझांबिकच्या सोफाला प्रांतातल्या एका आरोग्य केंद्रात स्वयंसेवक म्हणून काम करून आले. तेव्हापासून महिन्याला एखादा तरी फोन येतोच, "बाय, आम्हालाही जायचंय, काय काय लागतं?" प्रत्येकाला तासभर तेच सांगण्यापेक्षा एकदाचं लिहून काढते.

त्या केंद्रात चोवीस खाटा होत्या. पोचलो त्या संध्याकाळी तिथल्या मुख्य नर्सनं आम्हा नऊ जणांना ओसरीवर बसवलं आणि दुभाष्यामार्फत सांगितलं, "तुमच्यातलं एक माणूस आजारी पडलं की माझी एक खाट जाते आणि तिच्याजवळ बसायला एक नर्स जाते." स्वागताचं भाषण एवढंच. तेव्हा जरा लागलं. तिसऱ्या आठवड्यापर्यंत बाईचं म्हणणं पुरतं पटलं होतं. म्हणून खाली जे लिहिलंय ते मुख्यतः तिची खाट न अडवण्याबद्दल आहे.

गोव्यातल्या कितीतरी घरांना मोझांबिक नवं नाही. १७५२पर्यंत तिथला कारभार गोव्यातूनच चालायचा आणि सासष्टीत लोरेंसु मार्किशच्या (आजचं मापुतू) आठवणी सांगणारी म्हातारी माणसं अजून भेटतात. आमच्या डिचोली-सत्तरीकडे मात्र तसं काही नाही, त्यामुळे मला सगळं शून्यापासून शोधावं लागलं. दुसऱ्या आफ्रिकी देशात जाणार असाल तरी यातलं बरंचसं लागू पडेल. व्हिसा आणि लसींचे नियम बदलतात, तेवढे निघण्यापूर्वी त्या देशाच्या दूतावासाकडून पुन्हा तपासून घ्या.

१. आधी विचारा: त्यांना आपण हवे आहोत का?

नेणाऱ्या संस्थेला चार प्रश्न विचारा आणि उत्तरं लेखी घ्या. तिथल्या आरोग्य खात्याची परवानगी कुणाच्या नावानं आहे? आम्ही कुणाच्या हाताखाली काम करणार? आम्ही परतल्यावर आम्ही तपासलेल्या रुग्णांचं पुढे काय? आमच्यापैकी कुणी गंभीर आजारी पडलं तर कुठे आणि कसं हलवणार?

तिसऱ्या प्रश्नाला संस्था अडखळली तर सावध व्हा. रक्तदाबाच्या माणसाला पंधरा दिवसांच्या गोळ्या देऊन विमानात बसायचं, यात सेवा कमी आणि फोटो जास्त. सोळाव्या दिवशी त्याला गोळी कोण देणार? आमच्या शिबिरात नियम होता की केंद्राच्या कपाटात नेहमी असलेलं औषधच लिहायचं, म्हणजे पुढचा कोर्स तिथूनच मिळतो. त्यावरून आमच्यातल्या एका डॉक्टरांचे पहिले दोन दिवस वाद घालण्यातच गेले.

विद्यार्थ्यांसाठी खास: गोमेकॉच्या (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या) वॉर्डात जे तुम्हाला एकट्याला करू देत नाहीत, ते आफ्रिकेतही करायचं नाही. "तिथं काही नसण्यापेक्षा मी बरा" हा विचार मनात येतोच. तो आला की हात मागे घ्यायचे.

२. कधी जायचं

मे ते ऑक्टोबर. कोरडा आणि थंड मोसम, डास कमी, रस्ते चालू. नोव्हेंबर ते एप्रिल हा पावसाचा आणि चक्रीवादळांचा काळ. २०१९च्या मार्चमध्ये इदाय वादळ सोफालाची राजधानी असलेल्या बैराजवळच धडकलं, मोझांबिकमध्ये सहाशेहून जास्त माणसं गेली आणि पाठोपाठ कॉलरा पसरला. आमच्या केंद्राच्या एका भिंतीवर पाण्याची रेघ अजून दिसत होती, माझ्या खांद्याच्या वर.

उत्तरेकडच्या काबू देलगादु प्रांतात २०१७पासून सशस्त्र बंडखोरी आहे. "आमची तिथं ओळख आहे" असं म्हणून कुणी नेत असेल तर जाऊ नका.

सरकारी नोकरीत असाल तर भारताबाहेर जाण्याची रजा वेगळी मंजूर करून घ्यावी लागते, साधी अर्जित रजा पुरत नाही. तो कागद टेबलाटेबलांवरून फिरतो. चतुर्थीच्या आसपास अडकला तर विसर्जन होईपर्यंत हलत नाही, म्हणून तीन महिने आधी अर्ज टाका.

३. लसी: उलटी गणती करा

सगळ्यात जास्त लोक इथं चुकतात. तिकीट आधी काढतात आणि लसींचं नंतर बघतात. उलटं करा.

कावीळ बी. तीन डोस: आज, एक महिन्यानं, सहा महिन्यांनी. म्हणजे सहा महिने आधी सुरुवात. वेळ नसेल तर ०, १, २ महिने आणि मग वर्षानं बूस्टर, असाही मार्ग आहे. नर्सिंगला असताना घेतली होती, एवढ्यावर विसंबू नका. रक्तातला अँटी-एचबीएस टायटर, म्हणजे या काविळीविरुद्धच्या प्रतिपिंडांचं प्रमाण, तपासा, तो किमान १० हवा. आमच्या नऊ जणांत दोघांचा त्याहून कमी निघाला आणि दोघंही वर्षानुवर्षं दवाखान्यात काम करणारी.

पीतज्वर, म्हणजे यलो फीव्हर. यातली मेख नीट समजून घ्या. मोझांबिकसाठी ही लस कशाला, असं आम्हालाही वाटलं होतं. पण आमचं विमान आदिस अबाबामार्गे होतं आणि इथिओपिया हा पीतज्वराचा देश आहे. अशा देशातून येणाऱ्याकडे पिवळं कार्ड, म्हणजे ही लस घेतल्याचा दाखला, नसेल तर भारतात उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. मोझांबिकमध्ये शिरतानाही विचारू शकतात. नैरोबीमार्गे गेलात तरी तीच कथा, कारण केनियाही त्याच यादीत आहे. "आम्ही विमानतळाबाहेर पडणारच नाही" हा युक्तिवाद काउंटरवर बसलेल्या माणसापुढे करायची वेळ आणू नका. लस घ्या.

ही लस गल्लीतल्या दवाखान्यात मिळत नाही, सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते. आपल्याकडे मुरगाव बंदराच्या आरोग्य कार्यालयात, म्हणजे पोर्ट हेल्थमध्ये, ती मिळते. बोटीवर जाणाऱ्या तरुणांना ते ऑफिस पाठ असतं. कुपी एकदा विरघळवली की काही तासांत संपवावी लागते, म्हणून माणसं गोळा करून ठरावीक दिवशीच देतात. आधी फोन करून दिवस घ्या. पासपोर्ट न्यायला विसरू नका, कार्डावर त्याचा नंबर लिहितात. कार्ड लसीनंतर दहाव्या दिवसापासून ग्राह्य धरतात आणि २०१६पासून ते जन्मभर चालतं. पूर्वीचं दहा वर्षांचं बंधन गेलं. अंड्याची तीव्र ॲलर्जी, गरोदरपण, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं किंवा साठीच्या वरचं वय असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. गोवर-गालगुंड-रुबेलाची लस बाकी असेल तर ती याच दिवशी घ्या किंवा चार आठवड्यांचं अंतर ठेवा. दोन्ही जिवंत लसी आहेत, अधल्यामधल्या दिवसांत घेतल्या तर एकीचा परिणाम कमी होऊ शकतो.

बाकीच्या पटकन सांगते: टायफॉइड, कावीळ ए, धनुर्वात-घटसर्प आणि पोलिओचा बूस्टर, कॉलऱ्याची तोंडावाटे घ्यायची लस. रेबीज मात्र वगळू नका. गोव्यात २०१४पासून कुत्र्यांचं लसीकरण जोरात झालं आणि आपण कुत्र्याला घाबरायचं विसरलो. तिकडे तसं नाही, आणि चावल्यावर लागणारं सीरम खेड्यात मिळेलच असं नाही. आधी दोन डोस घेतलेले असले, शून्य आणि सातव्या दिवशी, तर पुढे सीरमची गरज पडत नाही.

४. कागद

पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेनंतर किमान सहा महिने हवी आणि कोरी पानं हवीत. व्हिसा ऑनलाइन मागता येतो, पण प्रकार नीट निवडा. पर्यटकाच्या व्हिसावर रुग्ण तपासणं म्हणजे परवान्याशिवाय धंदा. कोणता प्रकार हवा ते बोलावणाऱ्या संस्थेकडून लिहून घ्या, जमलं तर दिल्लीच्या त्यांच्या उच्चायुक्तालयाला ईमेल करून खात्री करा.

आमच्या चमूत एक जण पोर्तुगीज पासपोर्टवाला होता. गोव्यात हे असणारच! त्याचे व्हिसाचे नियम वेगळे, आणि परतताना भारतात शिरायला त्याला ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाचं) कार्ड लागलं. ते तो घरी कपाटात ठेवून आला होता. त्याच्या भावानं कुरियरनं मुंबईला पाठवलं, आमच्या विमानाच्या आदल्या दिवशी. पुढचं विचारू नका.

जवळ ठेवायचे कागद असे:

- पासपोर्ट, व्हिसा, निमंत्रणपत्र, परतीचं तिकीट
- गोवा मेडिकल कौन्सिल किंवा गोवा नर्सिंग कौन्सिलचं नोंदणीपत्र, आणि कौन्सिलकडून "गुड स्टँडिंग" (नोंदणी चालू आहे, कारवाई नाही असा) दाखला
- पदवीचे दाखले, पोर्तुगीज भाषांतरासह
- पासपोर्ट सेवेतून काढलेला पोलिसांचा दाखला, मागितला असेल तर
- पिवळं कार्ड आणि बाकी लसींची नोंद
- विमा पॉलिसी, तिचा आणीबाणीचा नंबर वेगळ्या चिठ्ठीवर
- स्वतःच्या औषधांचं प्रिस्क्रिप्शन, कंपनीच्या नावाऐवजी मूळ औषधाच्या नावानं
- रक्तगट, ॲलर्जी, घरच्यांचा नंबर लिहिलेलं कार्ड
- पासपोर्टच्या नोटरी केलेल्या दोन झेरॉक्स (तिथं परदेशी माणसाला ओळखपत्र सतत जवळ बाळगावं लागतं, मूळ पासपोर्ट मात्र खोलीत कुलूपबंद)

भाषांतर हे आपलं गोव्यातलं भाग्य. मुंबई-पुण्याच्या लोकांना पोर्तुगीज भाषांतरकार शोधत फिरावं लागतं, आपल्याला पणजीत फोंतायन्यास, आल्तिनुकडे चार घरं विचारली की कुणीतरी सापडतं. पण तिकडे अधिकृत शिक्क्याचं भाषांतर लागतं की साधं चालतं, हे आधी विचारा. आम्ही एका निवृत्त शिक्षकांकडून प्रेमानं, फुकट करून घेतलं आणि ते शिक्क्याअभावी पुन्हा करावं लागलं. सरांना अजून सांगितलेलं नाही.

विम्याबद्दल दोन वाक्यं, पण नीट वाचा. साधा प्रवास विमा बहुतेक वेळा "काम करताना" झालेली इजा धरत नाही, आणि सुई टोचणं ही कामातलीच इजा. आणीबाणीत विमानानं हलवण्याचा खर्च पॉलिसीत आहे का ते पाहा, कारण तिथून गंभीर माणसाला बहुधा जोहान्सबर्गलाच न्यावं लागतं.

५. औषधांची पेटी

गोव्यात "आफ्रिकेला चाललेय" म्हटलं की ओळखीचे लोक औषधांच्या पिशव्या आणून देतात. अर्ध्या वापरलेल्या पट्ट्या, औषध कंपन्यांच्या एमआरकडचे फुकट नमुने, गेलेल्या आजोबांच्या इन्सुलिनच्या कुप्या. भावना चांगली असते. घेऊ नका. औषधदानाचे जागतिक आरोग्य संघटनेचे नियम सरळ आहेत: नमुने नकोत, परत आलेलं औषध नको आणि तिथं पोचताना किमान एक वर्षाची मुदत शिल्लक हवी. शिवाय त्या देशाच्या औषध नियामकाची आयात परवानगी लागते, आणि यादीत औषधाचं मूळ नाव, बॅच, मुदत, नग हे सगळं.

आमची एक पेटी विमानतळावर अडकली आणि ती आमच्याच चुकीनं. यादीत नसलेल्या खोकल्याच्या बाटल्या कुणीतरी शेवटच्या रात्री कोंबल्या होत्या. त्या बाटल्यांपायी ग्लव्हज आणि सिवणीचे धागे चार दिवस अडले.

ट्रॅमाडॉल स्वतःच्या दुखण्यासाठीही नेऊ नका. २०१८पासून ते आपल्याकडेच अमली पदार्थांच्या कायद्यात आहे, परक्या विमानतळावर ते समजावत बसाल.

स्वतःसाठी न्यायचं ते हे: थर्मामीटर, पॅरासिटॅमॉल, खरे ओआरएसचे पुडे (त्या नावाचं गोड फळपेय नव्हे), पाणी शुद्ध करायच्या गोळ्या, एन-९५ मास्क आपल्या चेहऱ्याला बसणारे, आपल्या मापाचे ग्लव्हज, संरक्षक चश्मा, हेडटॉर्च. आणि एचआयव्ही प्रतिबंधाच्या औषधांचा पूर्ण २८ दिवसांचा कोर्स, चमूत निदान एक. का ते सातव्या मुद्द्यात येतं.

एक मजेची गोष्ट. आपल्या गीझरची जी जाड तीन गोल पिनांची वायर असते ना, तोच सॉकेट तिकडे पुष्कळ ठिकाणी असतो. दुकानातल्या महागड्या ट्रॅव्हल ॲडाप्टरपेक्षा डिचोलीच्या बाजारातून घेतलेला सोळा अँपियरचा प्लग आणि एक्स्टेन्शन बोर्ड आमच्या जास्त कामी आला. काही ठिकाणी युरोपी दोन पिनांचा सॉकेट असतो, तोही एक ठेवा.

६. मलेरिया

देशभर, बाराही महिने, आणि बहुतांशी फाल्सिपारम, म्हणजे मेंदूपर्यंत जाणारा. आपण गोव्यातले लोक "मलेरिया काय, होऊन गेलाय" म्हणतो. लहानपणी झालेल्या मलेरियाचा आता काही उपयोग नाही. तिथले प्रौढ सतत चावून घेऊन जी थोडीफार ताकद कमावतात, ती आपल्यात नसते.

प्रतिबंधक औषधाचे तीन पर्याय आहेत, निवड डॉक्टरांनी करायची. डॉक्सिसायक्लिन स्वस्त आणि कुठेही मिळणारं: जाण्याच्या एक-दोन दिवस आधी सुरू, रोज एक, परतल्यावर चार आठवडे. जेवणानंतर पेलाभर पाण्याबरोबर घ्या आणि लगेच आडवे होऊ नका, अन्ननलिका भाजते. ऊन्हात कातडी चटकन करपते, म्हणून टोपी आणि पूर्ण बाह्या. ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल महाग, आधी मागवून ठेवावं लागतं, पण परतल्यावर सातच दिवस घ्यायचं. मेफ्लोक्विन आठवड्यातून एकदा, निदान दोन आठवडे आधी सुरू आणि परतल्यावर चार आठवडे. मानसिक त्रासाचा किंवा फिट्सचा पूर्वेतिहास असलेल्यांनी ते टाळायचं.

सगळ्यात मोठा सापळा म्हणजे घरी आल्यावर गोळ्या बंद करणं. आमच्या नऊ जणांपैकी तिघांनी मोपा विमानतळावर उतरताच बंद केल्या. त्यांत एक डॉक्टर.

गोळी म्हणजे कवच नव्हे. हा डास संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चावतो, तेव्हा अंधार पडण्यापूर्वी पाय झाकलेले हवेत, उघड्या कातडीला डास दूर ठेवणारं, डीईईटी २० ते ५० टक्के असलेलं मलम आणि झोपायला औषध लावलेली मच्छरदाणी, गादीखाली नीट खोवून. मच्छरदाणी बांधायला सुतळी आणि चार खिळे घरून न्या. हे कुठल्याच यादीत नसतं आणि पहिल्या रात्री हेच लागतं.

७. काम करताना: सुई

चौथ्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास मला सुई टोचली. गळवाला चीर देण्यापूर्वी भूल दिलेली सुई मी पुन्हा टोपणात घालायला गेले. अठरा वर्षं मुलींना "टोपण लावू नका" शिकवणारी मी! कारण एवढंच की धारदार वस्तूंचा डबा खोलीच्या दुसऱ्या टोकाला होता आणि रांगेत साठ माणसं होती.

तेव्हा सकाळी काम सुरू करण्यापूर्वी डबा हाताच्या अंतरावर आणून ठेवा. नसला तर जाड प्लास्टिकचा कॅन कापून करा. डब्याशिवाय पहिला रुग्ण घेऊ नका.

टोचलीच तर: साबण आणि वाहत्या पाण्यानं धुवा. पिळू नका, स्पिरिट किंवा ब्लीच ओतू नका, बोट तोंडात घालू नका (प्रतिक्षिप्त क्रियेनं जातंच). डोळ्यात उडालं तर नुसत्या पाण्यानं किंवा सलाइननं धुवा. प्रमुखाला तेव्हाच सांगा, वेळ लिहून ठेवा. रुग्णाला विचारून, त्याच्या संमतीनं त्याची तपासणी, आणि तुमचीही त्याच दिवशी. औषधाचा पहिला डोस शक्यतो दोन तासांच्या आत, काही झालं तरी ७२ तासांच्या आत, आणि मग २८ दिवस.

मोझांबिकच्या २०२१च्या राष्ट्रीय पाहणीत प्रौढांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण सुमारे साडेबारा टक्के आलं, दर आठांत एक. माझा रुग्ण त्या आठांतला तो एक होता. नियमित औषधं घेणारा, शांत माणूस, स्वतःच पुढे होऊन त्यानं सांगितलं. अशा टोचण्यातून एचआयव्ही लागण्याची शक्यता साधारण तीनशेत एक. कावीळ बीची मात्र, लस नसेल तर, शंभरात सहापासून तीसपर्यंत. म्हणून वर टायटरवर एवढा जोर दिला.

आमच्याकडे तीन दिवसांपुरतं औषध होतं. पुढच्या पंचवीस दिवसांचं केंद्राच्या कपाटातून घ्यावं लागलं. मुख्य नर्सनं काही न बोलता नोंदवहीत लिहून डबी हातात दिली. तिथं रुग्ण त्याच औषधासाठी पहाटेपासून चालत येत होते. मला खाट लागली नाही, पण तिच्या कपाटातली एक डबी मी अडवलीच. पूर्ण कोर्स बरोबर न्या म्हणते ते यासाठी.

माझ्या सहा आठवड्यांच्या आणि तीन महिन्यांच्या तपासण्या स्वच्छ आल्या. पण त्या तीन महिन्यांत घरात काय चाललं होतं ते नवऱ्यालाच विचारा. जोडीदाराला या शक्यतेची कल्पना जाण्यापूर्वीच द्या, कारण अंतिम तपासणीपर्यंत काळजी दोघांनाही घ्यावी लागते.

क्षयाचंही तिथं प्रमाण मोठं. खोकणाऱ्यांना उघड्यावर, झाडाखाली तपासा आणि बंद खोलीत एन-९५ काढू नका.

८. पाणी, रस्ता, रात्र

पाणी खळखळून उकळलेलं. बर्फ नको, कापून ठेवलेली फळं नकोत. मक्याच्या पिठाची शिमा गरम असते, पोटाला सोसते, आमच्या शितासारखीच आमटीशी कालवून खाता येते. काजू तर तिथेही काजूच! पोर्तुगीजांनी ब्राझीलहून दोन्हीकडे आणला, नावासकट. सुकी सुंगटं नेण्याचा मोह आवरा, कस्टममध्ये वास लपत नाही.

नदीत, तळ्यात उतरू नका. आपल्याला वाहतं पाणी दिसलं की पाय सोडून बसायची सवय, पण तिथल्या गोड्या पाण्यातून बिल्हार्झियाचा जंतू कातडीतून थेट आत शिरतो. बैराच्या समुद्राची गोष्ट वेगळी.

रस्ता हा खरा धोका. धडधाकट प्रवासी परदेशात रोगापेक्षा अपघातानं जास्त मरतात. वाहनं आपल्यासारखीच डावीकडून चालतात, त्यामुळे सवय करावी लागत नाही, फक्त अंधारात निघायचं नाही. बिनदिव्यांचे ट्रक, खड्डे, रस्त्यावर बसलेली जनावरं. आमचा नियम होता: सूर्यास्तापूर्वी आत. सीटबेल्ट नसलेली गाडी परत पाठवायची, उशीर झाला तरी.

पोलिसांच्या इमारती, सैनिक, विमानतळ यांचे फोटो काढू नका. रुग्णांचेही नको. खाटेवरचा माणूस कॅमेऱ्याकडे बघून हसला म्हणजे त्यानं संमती दिली असं होत नाही. पोचल्यावर मापुतूच्या भारतीय उच्चायुक्तालयाला नाव, पत्ता, तारखा ईमेल करून ठेवा. डॉलरच्या नोटा नव्या आणि न दुमडलेल्या न्या.

९. दहा शब्द

"ओंद दॉय?" म्हणजे कुठे दुखतं. "फेब्र" ताप, "दोर" दुखणं, "तोस" खोकला, "आग्वा" पाणी, "कोंप्रिमिदु" गोळी. बाकीचे आपल्या ओळखीचेच: मेझा, शाव्ह, बताता, पांव. पण खेड्यात पुष्कळांना पोर्तुगीज येत नाही. आमच्या भागात सेना आणि न्दाउ बोलतात, तेव्हा स्थानिक दुभाष्या लागतोच. त्याला मानधन द्या आणि जेवणाच्या सुट्टीत त्याला शेवटी वाढू नका.

१०. परत आल्यावर

पावसाळ्यात परतत असाल तर मुंबईहून गोव्याच्या विमानासाठी एक दिवस मोकळा ठेवा. मलेरियाच्या गोळ्या पूर्ण करा. सुमारे आठ आठवड्यांनी क्षयाची, आणि पाण्यात उतरला असाल तर बिल्हार्झियाची तपासणी.

आणि ताप आला तर, पहिल्या तीन महिन्यांत विशेषतः, त्याच दिवशी दवाखान्यात जा आणि दारातच सांगा, "मी आफ्रिकेहून आलेय, मलेरियाची तपासणी करा." विचारण्याची वाट बघू नका. ऑगस्टमधल्या गोव्यात प्रत्येक तापाला डेंग्यू नाहीतर लेप्टो समजतात, आणि फाल्सिपारम वाट बघत नाही. रक्ताची पहिली स्लाइड कोरी आली, म्हणजे जंतू दिसले नाहीत, तरी बारा ते चोवीस तासांनी पुन्हा, अशा एकूण तीन.

मला ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात आला. १०३. रात्रीच कॅज्युअल्टी गाठली, बोटावरच्या सुई टोचलेल्या जागेकडे बघत बसले, ड्यूटीवरच्या पोराला पिवळं कार्डसुद्धा दाखवलं. तिन्ही स्लाइड कोऱ्या. चौथ्या दिवशी निदान झालं: डेंग्यू. आमच्याच परसातल्या, तुळशीमागे पडलेल्या नारळाच्या करवंट्यांतला.